मालवाहू पिकअपचे खरे ॲव्हरेज

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामाच्या दिवसांत सायंकाळी उभे राहिले, म्हणजे हौद्यात क्रेट रचून झालेल्या, दोर आवळले जात असलेल्या आणि वाशीच्या रात्रीच्या बाजाराकडे निघण्याच्या तयारीत असलेल्या पिकअप गाड्यांच्या रांगेत एक प्रश्न हटकून कानावर पडतो. "अण्णा, तुमची गाडी काय ॲव्हरेज देते?" आणि अण्णा, दोराची गाठ दाताखाली धरूनच, "देते की तेरा-चौदा," असे उत्तर देतात. त्यावर शेजारचा तरुण चालक, ज्याची गाडी त्याच कंपनीची, त्याच नमुन्याची व बहुधा त्याच वर्षी घेतलेली असते, तो चकित होऊन म्हणतो, की आपली तर दहाच्या पुढे कधी गेलीच नाही, तेव्हा शोरूमवाल्याने आपल्याला फसविले असावे. मी असे संवाद अनेक वेळा ऐकले आहेत आणि त्यांतील दोघेही खरे बोलत असतात, असे माझे मत झाले आहे. त्यांची चूक एवढीच होते, की जो आकडा गाडी, माल, रस्ता आणि चालविणारा मनुष्य या चौघांचा मिळून असतो, तो ते एकट्या गाडीच्या नावावर मांडतात.

डिझेलचा खर्च हा लहान मालवाहतूकदाराच्या जमाखर्चातील सर्वांत मोठ्या बाबींपैकी एक आहे, आणि ज्याची एकच गाडी आहे, तिचे हप्ते फिटायचे आहेत आणि ज्याचे भाडे ठरविण्याचे सूत्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हाती आहे, त्या माणसाला लिटरमागे एका किलोमीटरचा फरक म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. महिन्याला चार हजार किलोमीटर धावणारी गाडी दहाऐवजी अकराचे ॲव्हरेज देऊ लागली, तर छत्तीस लिटरांहून अधिक डिझेल वाचते. लिटरचा भाव नव्वद रुपये धरला तरी ही रक्कम सव्वातीन हजारांच्या घरात जाते. म्हणून या विषयाकडे ऐकीव गप्पांच्या पातळीवरून न पाहता, दुकानदार ज्या काटेकोरपणाने खातेवही लिहितो त्या काटेकोरपणाने पाहावे, अशी माझी प्रत्येक पिकअपधारकास कळकळीची विनंती आहे.

प्रथम कंपनीच्या पत्रकातील आकड्याविषयी. हा आकडा खोटा नसतो. तथापि तो एका विशिष्ट परीक्षेतील गुण असतो आणि ती परीक्षा आपल्या रस्त्यावर झालेली नसते. पुण्यात कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली 'एआरएआय' ही संस्था आहे. तेथे आणि तिच्यासारख्या अन्य संस्थांत साडेतीन टनांच्या आतील वाहने फिरत्या रुळांवर उभी करून चालविली जातात. चाके रुळांवर फिरतात, गाडी जागच्या जागी असते, वाऱ्याचा आणि रस्त्याचा विरोध यंत्राने कृत्रिम रीत्या लावलेला असतो, आणि वीस मिनिटांच्या आत संपणाऱ्या ठरावीक वेळापत्रकानुसार, ताशी ९० किलोमीटरांची मर्यादा न ओलांडता, वेग वाढविला व कमी केला जातो. पिकअपधारकाने ध्यानात ठेवण्याजोगी खरी गोष्ट पुढेच आहे: या परीक्षेत गाडीचे जे वजन गृहीत धरतात ते रिकाम्या गाडीचे वजन अधिक सुमारे दीडशे किलो एवढेच असते. म्हणजे चालक आणि त्याच्या शेजारी एक-दोन पोती. ज्या वाहनाचा जन्मच दीड टन माल वाहण्यासाठी झाला, त्याचे गुण असे जवळजवळ रिकाम्या पाठीने काढलेले असतात. हा आकडा दोन गाड्यांची परस्परांशी तुलना करण्यास उपयोगी आहे, कारण दोन्हींची परीक्षा एकाच नियमाने झालेली असते. परंतु त्याच्या भरवशावर भाड्याचा दर ठरविणे म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपले पीक लिहिण्यासारखे आहे.

तेव्हा खरा आकडा आपला आपणच काढला पाहिजे, आणि त्याची रीत सोपी असली तरी ती धसमुसळेपणाने करून चालत नाही. टाकी पूर्ण भरावी, मीटरचा आकडा लिहावा, नेहमीप्रमाणे गाडी चालवावी, पुन्हा टाकी पूर्ण भरताना किती लिटर बसले ते व मीटरचा नवा आकडा लिहावा, आणि किलोमीटरांना लिटरांनी भागावे. एवढे सर्वांना ठाऊक आहे. चुकते ते 'पूर्ण' या शब्दापाशी. डिझेलला फेस येतो. नोझल आपोआप बंद झाल्यावर फेस खाली बसू देऊन पंपावरचा मुलगा आणखी लिटर-दीड लिटर सहज बसवितो, आणि एका वेळी तो बसविला व दुसऱ्या वेळी नाही बसविला, की आपला सगळा हिशेब वाकडा होतो. यास्तव पंप एकच ठेवावा, शक्यतो त्याच बाजूचे यंत्र घ्यावे, गाडी सपाट जागेवर उभी करावी आणि नोझल पहिल्यांदा बंद झाले की थांबावे. दोनशे-तीनशे रुपयांचे डिझेल टाकून ॲव्हरेज काढण्याच्या भानगडीत कधी पडू नये. दहा लिटरांत एका लिटरची चूक म्हणजे दहा टक्क्यांची चूक, आणि तीच चूक शंभर लिटरांत एका टक्क्यावर येते. कमीत कमी तीन टाक्या, म्हणजे बाराशे-पंधराशे किलोमीटर, एवढी मुदत झाल्याखेरीज कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये आणि कोणाला सांगूही नये.

मीटरही तपासून घ्यावा. झिजलेल्या टायरचा घेर नव्या टायरपेक्षा लहान असतो, म्हणून तो त्याच अंतरात अधिक फेरे घेतो आणि मीटर वास्तविक अंतरापेक्षा अधिक किलोमीटर दाखवितो. आणि ज्यांनी मूळ मापाचे टायर काढून दुसऱ्या मापाचे बसविले आहेत, त्यांचा मीटर तर कायमचाच चुकीचा झालेला असतो. एखाद्या सरळ रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांशी वीस किलोमीटरपर्यंत मीटर ताडून पाहिला, किंवा मोबाइलमधील नकाशाशी जुळवून घेतला, की किती टक्के कमी-अधिक धरावयाचे ते एकदाचे कळते.

वही कशी असावी याविषयीही दोन शब्द सांगतो, कारण मी पाहिलेल्या बहुतेक वह्या दुसऱ्या महिन्यातच बंद पडतात आणि त्याचे कारण आळस हे नसून वहीची मांडणी हे असते. खिशात मावणारी, जाड पुठ्ठ्याची, पेन्सिल दोरीने बांधलेली वही डॅशबोर्डच्या खणात ठेवावी. रकाने पाचच आखावेत: तारीख, मीटरचा आकडा, लिटर, रक्कम आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'माळशेज, ७० क्रेट, परत रिकामी' किंवा 'पाऊस, चाकणला दोन तास खोळंबा' एवढेच लिहावे. सहा महिन्यांनी हाच शेऱ्याचा रकाना बाकीच्या चारांपेक्षा अधिक बोलका ठरतो, असा माझा अनुभव आहे.

आता हिशेबातील दोन फसव्या जागा. समजा, वाशीला भरलेली गाडी लिटरला दहा किलोमीटर धावली आणि परत येताना रिकामी गाडी पंधरा धावली. कोणीही म्हणेल, मधला आकडा साडेबारा. परंतु दीडशे किलोमीटर जाण्यास पंधरा लिटर आणि तेवढेच परत येण्यास दहा लिटर, एकूण पंचवीस लिटरांत तीनशे किलोमीटर, म्हणजे खरे ॲव्हरेज बाराच. ॲव्हरेजांची सरासरी काढू नये. एकूण किलोमीटरांना एकूण लिटरांनी भागावे. दुसरी जागा अशी, की ज्या गाडीचे ॲव्हरेज आधीच कमी आहे तिच्यातील लहानशी सुधारणाही मोठी बचत देते. आठाचे दहा झाले तर हजार किलोमीटरांमागे पंचवीस लिटर वाचतात; सोळाचे वीस झाले तर साडेबाराच. दोन गाड्या असलेल्या मालकाने फिटरकडे प्रथम कोणती न्यावी याचे उत्तर यातच आहे.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट ही, की मालवाहू वाहनाच्या बाबतीत नुसते किलोमीटर हे मापच अपुरे आहे. एका लिटरमध्ये किती वजन किती अंतरावर पोहोचले, हे खरे माप. २००५ साली टाटा एस हे वाहन बाजारात आले आणि दोन सिलिंडरांचे, सातशे सीसीच्या आसपासचे लहानसे डिझेल इंजिन असलेल्या त्या गाडीला लोकांनी प्रेमाने 'छोटा हत्ती' म्हटले. अशी पाऊण टनाची गाडी लिटरला अठरा किलोमीटर धावली, आणि अडीच लिटरच्या इंजिनाची बोलेरोच्या जातीची मोठी पिकअप दीड टन माल घेऊन अकरा धावली, तर पहिलीचा गुणाकार साडेतेरा आणि दुसरीचा साडेसोळा येतो. अर्थात् 'कमी ॲव्हरेज देणारी' मोठी गाडीच वस्तुतः डिझेल वाचवीत असते. हेच उलट अंगाने पाहा. ज्या दूधवाल्याची रोजची खेप अर्ध्या टनाची आहे, त्याने शेजाऱ्याने घेतली म्हणून मोठी पिकअप घेतली, तर तो रोज एक टन रिकामा वारा वाहून नेत असतो आणि त्याचे पैसे मोजत असतो. गाडी घेण्यापूर्वी वर्षभराच्या खेपांची वजने एका कागदावर मांडून पाहावीत. हंगामातील दहा दिवसांसाठी मोठी गाडी विकत घेण्यापेक्षा ते दहा दिवस ती भाड्याने घेणे पुष्कळदा स्वस्त पडते.

येथे कोणी म्हणेल, की असे असेल तर दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरला की हिशेब आणखी चांगला. टनामागचे डिझेल थोडे कमी लागते हे मी नाकारीत नाही. परंतु ब्रेक, टायर, पाटे आणि घाटातील वळणे ही ठरलेल्या वजनासाठी केलेली असतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनास वीस हजार रुपये दंड व वरच्या प्रत्येक टनास दोन हजार रुपये असे कलम आहे. डिझेलची जी बचत एका टायरच्या फुटण्यात किंवा एका माणसाच्या जिवात वसूल होते, तिला मी बचत म्हणणार नाही.

वेगाकडे वळू. हवा ही दिसत नाही म्हणून तिची कोणी गणती करीत नाही, पण पिकअपसारख्या उभट तोंडाच्या, मागे क्रेटांची भिंत असलेल्या वाहनाला ती भिंतीसारखीच आडवी येते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी साठावरून ऐंशीवर गेले तर वेग तिसऱ्या हिश्शाने वाढतो, परंतु हवेचा विरोध नवाचा सोळा होतो. रिकाम्या महामार्गावर, पहाटे तीन वाजता, गाणी लावून ऐंशी-नव्वदने जाणाऱ्या चालकास आपण वेळ वाचवीत आहोत असे वाटते. दीडशे किलोमीटरांत तो जेमतेम अर्धा तास वाचवितो आणि तोच अर्धा तास मार्केटच्या दारात रांगेत उभा राहून घालवितो. भरलेल्या पिकअपला साठ-पासष्टचा एकसारखा वेग मानवतो. सरकारी इंधन-संवर्धन संस्थेने, म्हणजे पीसीआरएने, ४५ ते ५५ चा वेग सांगितला आहे. महामार्गावर तो सर्वांना साधेल असे नाही, पण दिशा तीच आहे.

वाऱ्याच्याच संबंधात, ताडपत्री. सैल बांधलेली ताडपत्री फडफडताना जो आवाज करते, तो डिझेल जळण्याचा आवाज आहे असे समजावे. क्रेट शक्य तो केबिनच्या टपाच्या उंचीतच रचावेत, उंच जाणेच भाग असेल तर पुढची रांग एक क्रेट कमी ठेवून मागे उतार द्यावा, आणि ताडपत्री पुढून मागे अशी ओढून घट्ट बांधावी, म्हणजे वाऱ्याला तिच्याखाली शिरण्यास तोंड राहत नाही. परत येताना फाळका उघडा टाकला की हवा आरपार जाते व गाडी हलकी चालते, असा एक समज पुष्कळांचा आहे. तो चुकीचा आहे. फाळका बंद असता हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होऊन राहतो आणि वरचा वारा त्याच्यावरून घसरून जातो. फाळका उघडला की ही व्यवस्था मोडते. परत येताना फाळका लावून घ्यावा आणि रिकाम्या हौद्यात ठेवलेले जादा लोखंड, जुने टायर, कधीचे तरी पडलेले वाळूचे पोते काढून टाकावे.

आपल्या सह्याद्रीने या हिशेबात जो भेद निर्माण केला आहे, त्याचा विचार मला कोठेच केलेला आढळत नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतची चढण उंचीने साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे. तीन टनांची भरलेली गाडी एवढी उंच उचलावयाची म्हणजे सुमारे १.६ कोटी ज्यूल कार्य करावे लागते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३.६ कोटी ज्यूल उष्णता असते. पण इंजिन तिच्यातील फार झाले तर तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचविते. भागाकार केला म्हणजे केवळ उंची चढण्यासाठी, रस्त्याचे घर्षण आणि वारा यांचा खर्च वेगळा ठेवून, सव्वा ते दीड लिटर डिझेल लागते असे दिसते. तीच गाडी रिकामी असली तर पाऊण लिटराच्या आसपास काम होते. आता पाहा, जुन्नर, नाशिक, सातारा या देशावरच्या भागातून मुंबईकडे जाणारा भाजीपाला भरल्या गाडीने घाट उतरतो आणि रिकाम्या गाडीने चढतो. उलट देवगड-रत्नागिरीकडचा हापूसचा व्यापारी पेट्या भरून आंबा घाट किंवा गगनबावडा चढतो, तेव्हा कोल्हापूर गाठतो, आणि रिकामा उतरतो. दोघांची गाडी एक, माल सारख्याच वजनाचा, अंतरही तेवढेच. तरी कोकणातल्या मनुष्याचे ॲव्हरेज कमीच येणार, आणि त्याने ते देशावरच्या मनुष्याच्या ॲव्हरेजशी ताडून पाहून आपल्या चालकाला दोष देणे अन्यायाचे होईल. कोकणातून वर येणाऱ्या भाड्याचा दर किलोमीटरवर न ठरविता घाट धरून ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकण्याची जी सवय जुन्या चालकांत आहे, ती त्यांनी आजच सोडावी. जुन्या पंपाच्या इंजिनांच्या काळात तिला निदान काटकसरीचा आधार तरी सांगितला जाई. आजच्या कॉमन रेल इंजिनात, गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की संगणक नोझलांचे डिझेल पूर्णपणे बंद करितो. उताराच्या जोराने चाके इंजिनाला फिरवितात आणि त्या अवधीत डिझेलचा खर्च शून्य असतो. न्यूट्रलला टाकले की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावे लागते, म्हणून डिझेल जळू लागते. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि तीन टनांचे वाहन ज्या एका आधाराने ताब्यात राहावयाचे तोच निकामी होण्याची वेळ येते. ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतरावा, हा जुना नियम डिझेलच्या दृष्टीनेही खरा ठरला आहे.

सपाट रस्त्यावर डिझेल खाणारी मोठी बाब म्हणजे थांबणे व पुन्हा निघणे. तीन टनांची गाडी साठाच्या वेगात असता ब्रेक दाबून थांबविली आणि पुन्हा साठावर नेली, तर अर्धा कटिंग चहा मावेल एवढे डिझेल, म्हणजे पस्तीस मिलिलिटरच्या आसपास, ब्रेकच्या उष्णतेत गेलेले असते. असे पन्नास वेळा झाले म्हणजे पावणेदोन लिटर. राजगुरुनगर-चाकण पट्ट्यातल्या गर्दीतून जाणारा जो चालक पुढच्या गाडीचे मागचे दिवे नुसते न पाहता तिच्याही पुढच्या दोन गाड्यांवर नजर ठेवतो, गतिरोधक दिसताच पाय काढून घेतो आणि गाडी आपोआप हळू होऊ देतो, तो पन्नासातले वीस थांबे टाळतो. अशा चालकाला पगार दोन हजार जास्त द्यावा लागला तरी मालकाने तो द्यावा. हाफ क्लचवर गाडी रेंगाळत ठेवण्याची सवय मात्र दोन्हीकडून खर्चात पाडते: डिझेलही जाते आणि क्लच प्लेटही.

उभ्या गाडीचे इंजिन तासाला अर्धा ते पाऊण लिटर डिझेल पिते, एसी चालू असेल तर त्याहून अधिक. मार्केटच्या दारात दोन तास रांगेत इंजिन चालू ठेवणारा मनुष्य एका रात्री दहा-पंधरा किलोमीटरांचे डिझेल उभ्याउभ्या जाळतो. टर्बोची गाडी लांब व जोराच्या पल्ल्यानंतर लगेच बंद करू नये, मिनिटभर चालू द्यावी, हे खरे, पण मिनिटभर.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांविषयी तक्रार अशी ऐकू येते, की त्या जुन्यांपेक्षा कमी धावतात. यात तथ्य कोठे आहे ते समजून घ्यावे. धुरातील काजळी अडविण्यासाठी या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी असते; ती भरत आली की इंजिन जादा डिझेल सोडून तिच्यातील काजळी जाळून टाकते. महामार्गावर तासभर एका वेगाने धावणाऱ्या गाडीत हे काम आपोआप व निमूटपणे होते. परंतु जी गाडी दिवसभर गावातल्या गावात, दोन-दोन किलोमीटरांच्या खेपा करीत, इंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद होत असते, तिच्यात काजळी जाळण्याचे काम अर्ध्यावर तुटते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते, आणि प्रत्येक वेळी डिझेल वाया जाते. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने न्यावे, आणि डीपीएफचा दिवा लागला असता गाडी बंद न करता ते काम पुरे होऊ द्यावे. ही गाळणी काढून टाकून देणारे कारागीर आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय तो धूर आपल्याच गावातल्या मुलांच्या छातीत जातो. ज्या गाडीला युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, लागते, तिच्या वहीत त्याचा खर्चही डिझेलखालीच लिहावा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी येथे थोडे विषयांतर करतो. तिकडची पिकअप बहुधा घरगुती वाहन असते, आणि प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर सरकारी ईपीए संस्थेचा मैल-प्रति-गॅलनचा कागद चिकटविलेला असतो. त्या आकड्याला ०.४२५ ने गुणले की आपले किलोमीटर-प्रति-लिटर मिळतात: २०२१ च्या फोर्ड एफ-१५० ची चारही चाके ओढणारी हायब्रीड २४ मैलांची, म्हणजे आपल्या हिशेबाने १०.२, लहान मॅव्हरिक हायब्रीड ३७ मैलांची, म्हणजे १५.७. मात्र ८,५०० पौंडांहून अधिक एकूण वजन-क्षमतेच्या मोठ्या पिकअपना हा कागद लावण्याची सक्ती नाही, तेव्हा जड ट्रेलर ओढण्यासाठी जी गाडी लोक घेतात नेमकी तिचाच आकडा दुकानात मिळत नाही. मोठा पेटीसारखा ट्रेलर मागे लावला म्हणजे आकडा निम्म्यावर येतो असे धरून चालावे. वहीची गरज तिकडेही तेवढीच आहे.

शेवटी, वहीतला आकडा एकाएकी उतरला तर काय करावे. पुष्कळ लोक थेट इंजेक्टर उघडायला लावतात, कारण तेवढे नाव त्यांनी ऐकलेले असते, आणि ते सर्वांत महाग काम असते. तपासणी स्वस्तातून महागाकडे करीत जावी. प्रथम शेऱ्याचा रकाना वाचावा: माल वाढला का, रस्ता बदलला का, पाऊस होता का, चालक बदलला का. मग टायरची हवा, सकाळी गाडी थंड असताना. भरलेल्या गाडीच्या मागच्या टायरांना पुढच्यांपेक्षा अधिक हवा लागते, आणि केबिनच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात ती दिलेली असते. मग एअर फिल्टर. उसाच्या व कांद्याच्या दिवसांत, धुळीच्या शेतरस्त्यांवर, तो पुस्तकातल्या मुदतीच्या पुष्कळ आधी भरतो. मग चाकांचे अलाइनमेंट आणि डिझेल फिल्टर. इंजेक्टर सर्वांत शेवटी.

गेल्या वर्षी माझ्या मेहुण्याच्या पिकअपचे ॲव्हरेज दोन टाक्यांत १२.१ वरून १०.७ वर आले. एका गॅरेजवाल्याने गाडीकडे न पाहताच इंजेक्टर बदलावे लागतील असे सांगितले व खर्चाचा जो आकडा दिला तो एका महिन्याच्या हप्त्याइतका होता. मेहुणा म्हणाला, "दाजी, वही आणू का?" वहीत दोन्ही टाक्यांचे शेरे पूर्वीसारखेच होते, तोच माल, तोच रस्ता. मी त्याला वीस किलोमीटर गाडी चालवून, शेवटी ब्रेक न दाबता हळूहळू थांबवून आणायला सांगितली, आणि गाडी आल्यावर आम्ही दोघांनी चारही चाकांच्या मधोमध, ड्रमजवळ, हाताचा पंजा बेताने नेऊन पाहिला. तीन चाके कोमट होती. मागच्या डाव्या चाकाजवळ हात धरवेना, आणि जळक्या लायनरचा वास येत होता. ब्रेकचा शू चिकटून बसला होता; दोन टाक्या गाडी एका चाकाचा ब्रेक लावून धावत होती. फिटरने ड्रम काढून आतली माती झाडली, झिजलेली स्प्रिंग बदलली, ग्रीस लावले आणि चारशे रुपये घेतले. पुढच्या टाकीला वहीत १२ पूर्णांक ३ दशांश लिहिले गेले, आणि शेऱ्याच्या रकान्यात मेहुण्याने आपल्या हाताने लिहिले: 'मागचा डावा ब्रेक, दर महिन्यास हात लावून पाहणे.'